ग्लस रंगाचा डोळा

"हा माझा डोळा नाही," सिस्टर नोरा म्हणाल्या.

मी चिमट्यात धरलेली चकती त्यांच्या डाव्या डोळ्यापासून मागे घेतली. शर्टाच्या बटणाएवढी चकती. तिच्यावर बुबुळ रंगवायला मला दोन दिवस लागले होते. खिडकीतून सकाळचा उजेड येत होता. त्या उजेडात त्यांचा खरा डोळा आणि माझी चकती यांत तसूभर फरक नव्हता.

"सिस्टर, जुळतंय. मी तीनदा बघितलं."

"जुळतंय रे बाबा. मी कुठे नाही म्हणते? पण हा माझा नाही. माझे डोळे ग्लस आहेत."

हा शब्द मी त्या सकाळी चौथ्यांदा ऐकत होतो. माझं डोकं तापायला लागलं होतं. मी तसा तापट माणूस आहे, आणि कामात कोणी खोट काढली की जास्तच.

मी परब. परळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं कृत्रिम डोळे बनवतोय. लोकांना वाटतं डोळा काचेचा असतो. नसतो. दातांच्या कवळीला जे अ‍ॅक्रिलिक वापरतात तेच आम्ही वापरतो. आधी खोबणीचं माप घ्यायचं, त्याचा मेणाचा नमुना करायचा, तो पेशंटला बसवून बघायचा. मग पांढरा भाग ओतायचा. त्यावर लाल रेशमाचे केसाहून बारीक धागे चिकटवायचे, त्या शिरा. बुबुळाची चकती वेगळी रंगवायची, थरावर थर. रंग सुकला की फिका दिसतो आणि वर पारदर्शक थर चढला की गडद होतो. म्हणून चकतीवर पाण्याचा थेंब टाकून बघायचं. थेंबाखाली जो दिसेल तो खरा रंग. या डोळ्याने दिसत काहीच नाही. दुसऱ्यांना तो डोळा दिसावा, एवढंच त्याचं काम.

रंगाची नजर मला वडिलांकडून आली. ते लालबागच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. नमुन्याचा तुकडा समोर ठेवून कापडाचा रंग त्याला जुळवायचा, हे त्यांचं काम. मिल बंद पडली, नजर राहिली. मी या धंद्यात आलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "गिरायकाक रंग इचारू नको. तेका सांगूक येणा नाय. नमुनो बघ आनि जुळय." मी ते वेदवाक्य मानलं. आणि खरंच, पेशंटला स्वतःच्या डोळ्याचा रंग माहीत नसतो. बहुतेक जण 'काळा' म्हणतात. काळा कोणाचाच नसतो. माझ्या कपाटात तपकिरीच्या अकरा बाटल्या आहेत. निळ्याची एक, आणि तिचं झाकण उघडायला पक्कड लागते.

सिस्टर नोरा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात जन्मल्या. एकविसाव्या वर्षी नन म्हणून मुंबईला आल्या, माहीमच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि माहीमच्याच झाल्या. मराठी त्या शाळेतल्या आयांकडून आणि बाजारातल्या कोळणींकडून शिकल्या. त्यामुळे व्यवस्थित बोलता बोलता मध्येच 'मेल्या' म्हणायच्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात इन्फेक्शन पसरलं आणि आमच्या गद्रे मॅडमनी तो काढला. जखम भरल्यावर त्यांना माझ्याकडे खाली पाठवलं.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना 'डोळ्यांचा रंग' हा रकाना आला. हा रकाना मी स्वतःच बघून भरतो. पण मी पेन उचलायच्या आत त्या म्हणाल्या, "लिही. ग्लस."

"म्हणजे हिरवा?"

"गवत ग्लस. मेंढी पण ग्लस."

"हिरवी मेंढी?"

"राखाडी मेंढी रे, मेल्या! आणि ढगाळ दिवशी आमच्या गावचा समुद्र, तो पण ग्लस. आमची भाषा इंग्लिश नाही. आयरिश. गेलिक म्हणतात ना, ती. त्यात रंगांची वाटणीच वेगळी आहे. आमच्या घराच्या दाराला हिरवा ऑइलपेंट होता. तो ग्लस नाही. तो ऊअन्य. माणसाने फासलेला हिरवा वेगळा आणि आपोआप उगवलेला वेगळा."

मेणाचा नमुना खोबणीत बसवायला मला तासभर लागतो. तेवढा वेळ त्या बोलत राहिल्या. केसांचा आणि कोल्ह्याचा लाल तो रुआ, आणि रंगवलेला लालभडक तो जॅरग. पिकलेल्या केसांचा रंग लीअ. पांढरा म्हणजे बॉन. निळा म्हणजे गोरम, पण दाट वाढलेल्या कुरणाच्या हिरव्यालाही गोरम म्हणायचे आणि काळ्या माणसालाही गोरमच. त्यांच्या शाळेत संस्कृतच्या जोशी बाई होत्या. डबा खाताना या दोघी शब्दांचा पत्त्यांसारखा डाव मांडायच्या. जोशी बाईंनी सांगितलं होतं, तुमचा रुआ आणि आमचं रुधिर एकाच घरातले. तुमच्या बॉनमध्ये आमच्या भानूचा 'भा' आहे, प्रकाशाचा. लीअ म्हणजे आमचं पलित, पिकलेलं. ग्लस बहुधा आमच्या हरि शब्दाचा लांबचा भाऊ, पण त्याची खात्री नाही म्हणे.

"मजा बघ," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे रुधिर म्हणजे रक्त. आमच्याकडे रक्ताला रुआ म्हणतच नाहीत. शब्द वाटेत कुठेतरी घसरला."

मला मजा आली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात गद्रे मॅडम राउंडवरून खाली आल्या. त्या गिरगावच्या. त्यांचे डोळे घारे. मी त्यांना ग्लसची गंमत सांगितली.

"त्यात काय नवल?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या चाळीत मला घारी म्हणायचे आणि शेजारच्या सुधालाही. माझे डोळे हिरवट, तिचे मधासारखे. घारे म्हणजे नक्की कुठला रंग, सांगा बघू परब."

सिस्टर टाळी वाजवून हसल्या. फॉर्मवर मी 'घारा' लिहिलं. सगळं हसतखेळत चाललं होतं.

गाडं अडलं दुसऱ्या दिवशी. मी त्यांचा डावा डोळा खिडकीपाशी नीट बघितला. तो घारा नव्हता. बाहेरच्या कडेला राखाडी-हिरव्याची पुसट रेघ होती. बाकी सगळा मातकट तपकिरी.

"थेंबांमुळे," त्याच म्हणाल्या. त्यांना काचबिंदू होता. त्यावरचे काही थेंब असे असतात की वर्षानुवर्षं घातले तर हलक्या रंगाच्या बुबुळात तपकिरी रंग उतरतो. इजा काही नसते, पण गेलेला रंग परत येत नाही. थेंब बंद करावेत तर नजर जाते. "डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं मला. मी म्हटलं, ननला रंग कशाला हवा? नजर राहू दे. पण परब, आता हवाय."

मग त्यांनी ब्रीडबद्दल सांगितलं. ब्रीड त्यांची धाकटी बहीण. तिकडे एका वृद्धाश्रमात राहायची. तिची आठवण गेली होती, माणसं ओळखू येत नव्हती. पाच वर्षांपूर्वी, थेंब सुरू व्हायच्या आधी, सिस्टर भेटायला गेल्या तेव्हा ब्रीड त्यांना नर्स समजली. मग जवळून डोळ्यांत बघून म्हणाली, "मॅमीचे डोळे." मॅमी म्हणजे त्यांची आई. आणि जरा वेळाने म्हणाली, "नोरा."

"नंतर पूर्ण दुपार आम्ही गप्पा मारल्या," सिस्टर म्हणाल्या. "आता दोन महिन्यांनी जाणार आहे. शेवटचं. या वयात परत कोण सोडतंय? एक डोळा तुमच्या मॅडमनी काढला, दुसरा थेंबांनी खाल्ला. तू बनवणार आहेस तो तरी ग्लस कर. एक पुरेल तिला."

"सिस्टर, मग दोन डोळे दोन रंगांचे दिसतील."

"दिसू देत."

"लोक बघतील."

"परब, मी साठ वर्षं दादर-माहीमच्या रस्त्यांवरून गोरी म्हणून फिरतेय. लोक बघतातच."

इथे मी ऐकायला हवं होतं. बाई स्पष्ट सांगत होती, तिला काय हवंय आणि कशासाठी. पण माझ्या डोक्यात वडिलांचं वाक्य पक्कं बसलं होतं. नमुना बघ आणि जुळव. सव्वीस वर्षांत मी न जुळणारा डोळा बनवून दिला नव्हता. कोणी सिस्टरांकडे बघून 'हा कुठल्या अडाण्याने बनवला?' असं विचारलं असतं तर मला झोप लागली नसती. खरं सांगायचं तर मला तिच्या बहिणीपेक्षा माझं नाव मोठं वाटलं.

तरी मी वर जाऊन मॅडमना विचारलं. आपल्याला जे करायचंय त्याला दुसऱ्याकडून होकार हवा असला की माणूस विचारायला जातो.

"मॅडम, पेशंट वेगळा रंग मागतेय."

"वेगळा म्हणजे?"

"पूर्वी होता तो. आताचा नको म्हणते."

मॅडमनी फाइल मिटली. "परब, अशी केस आपल्याला परत मिळणार नाही. थेंबांनी बदललेलं बुबुळ मॅच करणं किती कठीण आहे माहितीये ना? मला कॉन्फरन्सला फोटो दाखवायचेत. तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा."

"जमणार नाही असं नाही."

"मग झालं तर. पेशंट इमोशनल असतो. आपण मॅच करायचं."

जमणार नसेल तर सांगा, असं मला कोणी म्हटलं की माझं घोडं चौखूर उधळतं. मी खाली आलो आणि कामाला लागलो. मातकट तपकिरीचे सात थर दिले. कडेची ती राखाडी-हिरवी पुसट रेघ सगळ्यात शेवटी, एका केसाच्या ब्रशने. असं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं.

आणि दोन दिवसांनी सकाळी ती चकती बघून सिस्टर म्हणाल्या, हा माझा डोळा नाही.

मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, "सिस्टर, जो डोळा आहे त्याच्याशीच जुळवतात. नियम आहे तसा."

"कोणाचा नियम?"

"धंद्याचा."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. वर्गात मुलाचं गणित चुकलंय हे दिसतंय, पण बेल झालीय, तशा. मग म्हणाल्या, "ठीक आहे. त्यातलं तुला कळतं."

चार दिवसांनी पूर्ण झालेला डोळा मी त्यांना बसवला. मॅडमनी फोटो काढले, सिस्टरांनी फॉर्मवर सही केली. "कुठल्या गरिबाच्या उपयोगी पडत असेल तर लाव माझा फोटो," म्हणाल्या. मी आरसा पुढे धरला. डाव्या डोळ्याची त्यांची नजर अधू होती. चकती हातात जवळ धरली तर रंग कळे, पण आरशात त्यांना चेहरा दिसे, बारकावे दिसत नसत. त्यांनी आरसा जवळ घेतला, लांब धरला.

"कडेला जरा हिरवं वाटतंय," त्या म्हणाल्या. "परब, ग्लस केलास का शेवटी? खरं सांग."

मॅडम बाजूला उभ्या होत्या. मी म्हणालो, "हो सिस्टर. ग्लस."

का म्हणालो? गवत ग्लस, मेंढी ग्लस, समुद्र ग्लस. मी मनाशी म्हटलं, एवढ्या मोठ्या शब्दात माझी कडेची रेघ सहज मावेल. ही पळवाट होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कोळणीसारखी बोटं आपल्या कानशिलावर मोडली. त्यांनी धरलेल्या माझ्या हाताची मला अजून लाज वाटते.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. पॉलिश करायला डोळा आणायचा असतो, म्हणून. मी विचारलं, "काय म्हणते बहीण?"

त्या स्टुलावर बसल्या. डोळा काढून माझ्या हातात दिला. मग सांगितलं. ब्रीडने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. मग अगदी सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात, सिस्टर. नोरा आलीय का?"

"मी पंधरा दिवस होते," सिस्टर म्हणाल्या. "रोज विचारायची, नोरा आली का."

मी म्हटलं, "सिस्टर, मी खोटं बोललो. तो ग्लस नव्हता."

"माहितीये. तिकडे पोहोचले त्याच दिवशी माझ्या भाचीने सांगितलं. आंटी, दोन्ही डोळे ब्राउन किती छान जुळलेत." त्या जरा हसल्या. "काम चांगलं केलंस रे. दोन्ही सारखे होते. म्हणून तिला एकही सापडला नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पॉलिशचं यंत्र बंद केलं आणि म्हटलं, मी दुसरा बनवतो. ब्रीड अजून होती. जाणं आता शक्य नव्हतं, पण तिथली नर्स फोनवर व्हिडिओ लावून द्यायला तयार होती. एक डोळा स्क्रीनजवळ नेला की पुरे.

समोर नमुना नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला रंग विचारून काम केलं. निळ्याची बाटली पक्कडीने उघडली. सिस्टर खिडकीपाशी बसून सांगायच्या आणि मी मिसळायचो. "इतका हिरवा नाही. हा ऊअन्यकडे चाललाय, दाराचा रंग झाला. राखाडी घाल. नाही, आता लीअ झाला, म्हातारीचे केस. जरा पिवळं, मधोमध. हां. आता पाणी टाक." एकदा त्या मला सकाळी माहीमच्या किल्ल्याजवळ घेऊन गेल्या. आभाळ भरलेलं होतं. पाणी मातकटच होतं, मुंबईचं पाणी ते. पण लांब, जिथे होड्या उभ्या होत्या, तिथे एक पट्टा होता. "तो," त्या म्हणाल्या. "तेवढाच."

पाचवी चकती त्यांनी डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितली. म्हणाल्या, "हाच. परब, हाच. आज बसवून टाक."

पण मला एका जागी थर जाड वाटत होता. पाण्याच्या थेंबाखाली तिथे रंग किंचित मेल्यासारखा दिसायचा. त्यांना ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, "सिस्टर, आठ-दहा दिवस द्या. परफेक्ट करून देतो."

"मला परफेक्ट नकोय."

"एवढं केलंय, तर नीट होऊ दे."

सहावी चकती मी नवव्या दिवशी संपवली. सुंदर झाली होती. ढग आला की राखाडी दिसायची, ऊन आलं की हिरवी. मी स्वतः माहीमला फोन केला. कॉन्व्हेंटमधल्या दुसऱ्या सिस्टरने उचलला. म्हणाली, सिस्टर नोरा चॅपलमध्ये आहेत, त्यांची बहीण परवा गेली.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पहिल्यांदा जुळवायच्या हट्टाने वाट लावली, दुसऱ्यांदा परफेक्टच्या. पाचवी चकती बसवली असती तर ब्रीडने ती बघितली असती. कदाचित काही बोलली नसती. पण बघितली असती.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आल्या. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी निमूट मान वर केली. मी डोळा बसवला आणि आरसा दिला. त्या खिडकीपाशी सरकल्या, आरसा अगदी नाकाजवळ नेला. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, हलक्या आवाजात, आरशातल्या कोणाशी तरी. मी अर्थ विचारला नाही. एरवी त्यांनी मला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला होता.

तो डोळा त्या शेवटपर्यंत घालत होत्या. एक मातकट तपकिरी, एक ग्लस. माहीमच्या बाजारात कोणी विचारलंच, हा असा कसा बसवला, तर सांगायच्या, परळच्या परबने बनवला, फार हुशार आहे. असं मला तिथल्या एका कोळणीने सांगितलं. ती मोतीबिंदूला आमच्याकडे आली होती, आणि माझ्याकडे जरा दयेने बघत होती.

मी आता फॉर्मवर रंगाच्या रकान्याखाली पेनाने एक प्रश्न लिहितो: हा डोळा कोणी बघायचाय? काही पेशंट हसतात. एका बाईने मात्र ताबडतोब नाव सांगितलं.

गद्रे मॅडम त्यांचा फोटो अजून कॉन्फरन्समध्ये दाखवतात. म्हणजे पहिल्या, जुळलेल्या डोळ्याचा. खाली माझं नाव असतं. त्या समोरच्या डॉक्टरांना विचारतात, यातला खोटा कुठला, ओळखा. कोणाला ओळखता येत नाही, आणि टाळ्या पडतात. ब्रीडला मात्र दोन्ही खोटे वाटले होते.